न मागितलेल्या मदतीचा तक्ता

सोमवार, ३ ऑगस्ट

शेजारीण भोचक आहे हे मला ठाऊक होतं. पण चार दिवस माझं दार उघडलं नाही म्हणून तिने थेट माझ्या भाचीला फोन करावा, हा अतिरेक झाला. दार माझं आहे. उघडायचं की नाही ते मी ठरवीन.

भाची तासाभरात हजर. हातात सूप आणि कुस्करलेला बटाटा. हल्ली हिला मऊ पदार्थ करायची काय लहर आली आहे कोण जाणे. मी खात असताना म्हणाली, "मावशी, एक अडचण आहे. माझ्या संशोधनासाठी मोजणारी व्यक्ती हवीय. तटस्थ, कडक आणि रिकामी."

"रिकामी कोण?"

"बरं, कडक."

संशोधन असं: गटात शिकणारी मुलं एकमेकांना आपणहून किती मदत करतात ते मोजायचं. वर्गात बसायचं आणि कोणी कोणाला मदत केली की तक्त्यात रेघ मारायची. अट एकच, मदत न मागता केलेली हवी. मागून मिळालेली धरायची नाही.

मी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. त्यातल्या प्रत्येक परीक्षेत शेजारच्याला न मागता केलेली मदत मी पकडली आणि पेपर काढून घेतले. आता तीच मदत दिसली की शाबासकीची रेघ मारू? मी तोंडावर नाही म्हटलं.

परवा नऊला ती न्यायला येणार आहे.

बुधवार, ५ ऑगस्ट

वर्ग कसला, तर कवळ्या करायला शिकण्याचा. माझ्याच नशिबी हे यावं. बारा मुलं, चार-चारांची तीन टेबलं, मध्ये बर्नर, मेणाच्या वड्या, प्लास्टरची पिंपं, आणि जिकडेतिकडे दात. खिडकीत वाळत ठेवलेले, ट्रेमध्ये मांडलेले, दप्तराच्या खिशात विसरलेले. कोपऱ्यात घासायची आणि चकाकी आणायची मोटार. भिंतीवर लाल अक्षरांत पाटी: पेशंटच्या कवळीला सरांच्या परवानगीशिवाय हात लावल्यास वर्गाबाहेर.

पाटी आवडली. या इमारतीत निदान एक तरी नियम आहे.

इथेच लिहिते, कारण इथे कोणी वाचणार नाही: माझी खालची कवळी डाव्या बाजूला टोचते. दीड वर्ष टोचते आहे. डॉक्टर म्हणतात सवय होईल. मला कवळी आहे हे त्यांच्याखेरीज जगात कोणालाही माहीत नाही.

सर तरुण आहेत, सारखे घाईत असतात. माझी ओळख करून देताना म्हणाले, "या मॅडम फक्त बघणार आहेत." बारा जणांनी वळून माझ्या तोंडाकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नव्हे, तोंडाकडे. या धंद्यातली वाईट खोड दिसते.

सोमवार, १० ऑगस्ट

माणसं ओळखू यायला लागली. मी नावं विचारलेली नाहीत, तटस्थ राहायचं तर नावं कशाला? पहिल्या टेबलावर लाउडस्पीकर. तो मुलगा कुजबुजला तरी जिन्यात ऐकू येतं. दुसऱ्या टेबलावर एक उंच मुलगी, जाता-येता सगळ्यांना चिमटे, सुऱ्या, फडकी पुरवते. आज तिच्या नावावर नऊ रेघा. तिसऱ्या टेबलावर घुमी. बोलत नाही, हसत नाही, मान खाली घालून मेण कापत बसते. आज शून्य. शुक्रवारीही शून्य होतं.

लाउडस्पीकरचं प्लास्टर आजही पातळ झालं. साचा हातात घेतला तर चिखल. मी बघायला बसले आहे, बोलायला नाही. तरी उठले. म्हटलं, "शंभर भागांना तीस भाग पाणी, हे लिहिलंय. तू किती घातलंस?"

"अंदाजाने, मॅडम."

"अंदाजाने भविष्य सांगतात, प्लास्टर कालवत नाहीत. तीन पेले पाण्याला किती प्लास्टर? तोंडी सांग." नाही आलं. मग त्याला प्रमाण शिकवावं लागलं, अर्धा तास, आणि त्यात मी त्याला दोनदा दगड म्हटलं. वेळ फुकट गेला. तेवढ्यात कोणाच्या चार रेघा हुकल्या असतील.

माझ्या खुर्चीवर आज उशी होती. शिपायाचा आगाऊपणा. मी काही म्हातारी नाही. काढून ठेवली. नंतर परत घेतली.

शुक्रवार, १४ ऑगस्ट

फुटलं! मी काय मोजते ते मुलांना कळलं. आज वर्गात मदतीचा पूर आला.

"मी देऊ का तुला सुरी?" "अरे, घे ना माझी सुरी!" "तू थकलीस का गं? मी धरतो साचा!" आणि हे सगळं माझ्याकडे बघत, नाटकातल्यासारखं, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं. एकच सुरी पहिल्या टेबलावर सात वेळा फिरली. आठव्यांदा मी म्हटलं, "त्या सुरीने आता मेण कापलंत तर बरं होईल."

एकूण एकशे सहा रेघा. भाची खूष होईल. मी खूष नाही.

घुमी शून्य. नाटकातसुद्धा भाग नाही. खरं सांगायचं तर त्याबद्दल मला ती किंचित बरी वाटली.

रविवार, १६ ऑगस्ट

आज उगाच कॉन्व्हेंटमधल्या बरण्या आठवल्या. प्रत्येक मुलीची एक काचेची बरणी. चांगलं काम केलं की तिने आपल्या हाताने एक निळा मणी टाकायचा. महिनाअखेर सिस्टर मणी मोजत. नऊ वर्षांची असताना मी एका महिन्यात अकरा खोटे मणी टाकले आणि बक्षीस मिळवलं. लेसचा रुमाल. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही.

धाकट्या बहिणीची बरणी रिकामी असायची. सिस्टर तिला सगळ्यांसमोर उभं करत. बावळट होती. मी उठायच्या आत रोज माझे बूट पॉलिश करून दाराशी ठेवायची, पण मणी टाकायचं तिला सुचायचं नाही. मी तिला म्हणायचे, "अगं, टाक ना!" ती म्हणायची, "कशाबद्दल?"

तिला जाऊन तीन वर्षं झाली. भाची हसते तेव्हा तिच्यासारखी दिसते. म्हणून मी हिला फार हसवत नाही.

बुधवार, १९ ऑगस्ट

आता हा खेळ राहिलेला नाही. सरांनी जाहीर केलं की मोठ्या रुग्णालयाच्या कवळी विभागात दोन जागा आहेत, वर्षभर पगारी शिक्षण. "हात तुम्हा सगळ्यांचे बरे आहेत. पण तिथे मिळून काम करावं लागतं. तेव्हा मॅडमच्या तक्त्यावरून ठरवू. वरचे दोघे जातील."

मी सुटीत त्यांना गाठलं. "हा तक्ता संशोधनासाठी आहे, निवडीसाठी नाही."

"आकडे ते आकडेच, मॅडम. तुम्ही गणिताच्या. तुम्हाला मी काय सांगणार?"

शहाणा! माझंच हत्यार मला दाखवतो.

लाउडस्पीकर नळावर कोणाला तरी सांगत होता. गुपित सांगत होता म्हणे, म्हणजे सबंध मजल्याने ऐकलं. घुमीला ती जागा मिळाली नाही तर ती घरी परत जाणार. पुढे शिकवायला घरचे तयार नाहीत. "आणि तिचं तर शून्य आहे रे."

शून्य आहे, कारण ती काही करत नाही. मी काय करू? मी दिसेल ते लिहिते.

शुक्रवार, २८ ऑगस्ट

क्रमाने लिहिते.

जेवायच्या सुटीत मी रोज वर्गामागच्या नळाच्या खोलीत जाऊन खालची कवळी काढून पाण्याच्या वाटीत ठेवते. पंधरा मिनिटं हिरडीला आराम. आज जरा बाहेरच्या बाकावर बसले, परत येऊन पाहते तर वाटी रिकामी.

शिपाई आवराआवर करून गेला होता. ज्या इमारतीत पावलोपावली कवळ्या सांडलेल्या, तिथे नळावर कवळी दिसली तर तो काय करणार? मुलांची समजून उचलली आणि वर्गातल्या ट्रेमध्ये नेऊन ठेवली असणार. ट्रेमध्ये तीस होत्या. बारा जणांच्या देखत त्यातली माझी शोधू कशी?

गाल आत घेऊन, ओठ मिटून खुर्चीवर बसले. सर येऊन म्हणाले, "मॅडम, आज शांत?" मान हलवली. लाउडस्पीकर म्हणाला, "मॅडमनी आज मला एकदाही दगड म्हटलं नाही. बरं नाही का?" त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

तरी काम सोडलं नाही. तक्ता भरला. शेऱ्यात लिहिलं: घुमी सुटी संपल्यावरही मोटारीवर एकटी. टेबलावरच्या कोणालाही मदत नाही. शून्य.

अडीचला हिय्या करून पुन्हा नळाच्या खोलीत गेले, तर वाटीत स्वच्छ पाणी आणि पाण्यात माझी कवळी. शिपायाला उपरती झाली असावी. त्याला चांगलं झापलं असतं, पण काय म्हणून झापू?

मंगळवार, १ सप्टेंबर

विचित्रच. चार दिवस कवळी टोचली नाही. हिरडीने शेवटी हार मानली म्हणायची. डॉक्टर म्हणाले तसं झालं, दीड वर्षाने का होईना. भाची आली तेव्हा टोपलीतलं सफरचंद उचललं आणि सालासकट खाल्लं. ती टक लावून बघत बसली.

"काय झालं?"

"काही नाही. अजून एक कापू?"

"कापायचं कशाला?" म्हटलं आणि दुसरंही तसंच खाल्लं.

गुरुवार, १० सप्टेंबर

डॉक्टरांकडे नेहमीची तपासणी. त्यांनी कवळी हातात घेतली, दिव्याखाली धरली, भिंग लावलं.

"ही डावी कडा कोणी घासली?"

"कोणी नाही."

"बाई, ही आपोआप झिजलेली नाही. केसभर काढलंय, नेमकं टोचत होतं तिथे. वर चकाकीपण दिली आहे. मला सहा फेऱ्यांत ती जागा सापडली नाही. कोणाचा हात आहे हा?"

मी घरी येऊन तक्ते काढले. २८ ऑगस्ट. माझंच अक्षर, माझाच शेरा. सुटी संपल्यावरही मोटारीवर एकटी.

तिसांतून तिने माझी ओळखली. वापरलेली होती, एका बाजूने झिजलेली, म्हणून ओळखली असेल. पण डावीकडे टोचतं हे? ते मी बोललेले नाही. ते फक्त माझ्या तोंडात होतं. म्हणजे ही मुलगी महिनाभर मान खाली घालून मेण कापत नव्हती. ती मला बघत होती. मी तिला मोजत होते आणि ती माझं दुखणं मोजत होती.

मला संताप आला पाहिजे. परवानगीशिवाय माझ्या दातांना हात लावला! संताप शोधला. सापडला नाही. उद्या पुन्हा शोधीन.

शनिवार, १२ सप्टेंबर

दोन दिवस हेच गणित सोडवते आहे, सुटत नाही.

तिने मदत केली, न मागता केली. नोंद करावी, तर ती कोणती ते सांगावं लागणार, आणि भिंतीवर लाल पाटी आहे: परवानगीशिवाय हात लावल्यास वर्गाबाहेर. जागा तर जाईलच, वर्गही जाईल.

बरं, खोटं सांगावं, की परवानगी मी दिली होती, मीच तिला घासायला सांगितलं. मग ती मागून मिळालेली मदत झाली. तक्त्यात धरता येत नाही. शून्य ते शून्यच.

तिसरा मार्ग सोपा आहे. तिच्या नावावर गुपचूप पन्नास रेघा मारायच्या. अकरा मण्यांपासून पन्नास रेघांपर्यंत, एवढीच माझी प्रगती. नाही. एकदा लेसचा रुमाल घेतला, तो अजून कपाटात आहे आणि मी तो कधी वापरू शकलेले नाही.

सोमवारी भाचीशी बोलते. दातांचा विषय न काढता.

सोमवार, १४ सप्टेंबर

संध्याकाळी भाची आली. मी म्हटलं, "समज, एका माणसाची एक वस्तू बिघडलेली आहे, आणि दुसऱ्याने ती त्याला न सांगता दुरुस्त केली..."

"कवळी का?"

मी तक्ते सारखे करायला लागले.

"मावशी, दीड वर्ष तू सूप पितेस. त्या दिवशी दोन सफरचंदं सालासकट खाल्लीस. मी काय आंधळी आहे?"

"तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"तू बोलू दिलं असतंस?"

मग सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ती रडायलाच लागली. हिला काही झालं की रडू येतं, आईवर गेली आहे. मी म्हटलं, "रडून आकडे बदलत नाहीत. तुझा नियम चुकला आहे."

"नियम बरोबर आहे. न मागता केलेलीच मदत मोजायची आहे मला."

"मग मोजणारी चुकीच्या जागी बसली आहे. लांबून दिसते ती सुरी देणं-घेणं. खरी मदत ज्याला झाली त्यालाच माहीत असते, आणि त्यालाही कधीकधी पंधरा दिवसांनी कळते. माझ्यासारख्या दगडाला."

तिने तक्ते पुढे ओढले. मग म्हणाली, "म्हणजे सहा आठवड्यांचे तक्ते बाद."

"बाद."

"सगळं पहिल्यापासून करावं लागेल. मुलांनाच विचारून. आणि सरांना लेखी द्यावं लागेल की या तक्त्यावरून कोणाची निवड करू नका, तो खोटा ठरला."

"द्यावं लागेल."

"माझे गाइड मला फाडून खातील."

"खाऊ देत. माझ्याकडे दात आहेत, मी बघते."

रडता रडता हसली. हसली तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलं नाही.

शुक्रवार, १८ सप्टेंबर

भाचीचं पत्र वाचून सर चिडले. "मग मी कशावरून ठरवू? तुम्हीच सांगा!"

भाचीने प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी दिली. दोन महिन्यांत तुम्हाला न मागता मदत कोणी केली, एकच नाव. स्वतःचं लिहायचं नाही. मग माझ्यापुढेही एक चिठ्ठी धरली. "तूही वर्गात बसत होतीसच की." मी डाव्या हाताने लिहिली, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून.

सरांनी चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या. पहिली घुमीची. दुसरी उंच मुलीची. तिसरी घुमीची. चौथीला सरांनी वर बघितलं. पाचवीला पुन्हा घुमी. शेवटी घुमी सात, उंच मुलगी दोन, लाउडस्पीकर एक, शिपाईदादा एक. सातातली एक माझी. ती वगळली तरी सहा.

"हिला?" सर म्हणाले. "ही तर कोणाशी बोलतसुद्धा नाही!"

घुमीची मान मेणात घुसायची बाकी राहिली होती. लाउडस्पीकर उभा राहिला. "सर, माझा साचा रोज संध्याकाळी फुटलेला असायचा आणि रोज सकाळी चांगला असायचा. मला वाटलं माझाच हात सुधारला. मग लक्षात आलं, सुधारला असता तर दुपारी परत बिघडला नसता." वर्ग हसला. "ही सगळ्यांच्या आधी येते. बर्नर कोण लावून ठेवतं? मॅडमच्या खुर्चीवर उशी कोणी आणली?"

मी घुमीकडे पाहिलं. शिपायाला मनातल्या मनात किती बोलले होते मी.

सर म्हणाले, "ठीक आहे. दोन नावं मिळाली."

तेरा चिठ्ठ्या होत्या. राहिलेल्या दोनांवर लिहिलं होतं: मोजपट्टी मॅडम. म्हणजे मला नाव ठेवून झालं आहे तर! हा चावटपणा कोणाचा ते शोधून काढलं पाहिजे. मी या वर्गात कोणालाही, कधीही, कसलीही मदत केलेली नाही. लाउडस्पीकर उगाच छताकडे बघत होता. दुसरी कोणाची ते कळलं नाही. भाचीला म्हटलं, या दोन रद्द कर. ती म्हणाली, "आकडे ते आकडेच, मावशी."

आता हे सगळं पहिल्यापासून, पुढच्या वर्षाच्या मुलांबरोबर. मोजणारी लागणारच, तटस्थ आणि कडक, आठवड्यातून तीन दिवस. मी म्हटलं दुसरी कोणी बघ. म्हणाली, तुझ्यासारखी मिळायची नाही. ते मात्र खरं आहे.

शुक्रवार, २५ सप्टेंबर

शेवटचा दिवस. तक्ते गोळा करून निघाले होते. नळाच्या खोलीच्या दाराशी घुमी उभी. दोन महिने जिने एक शब्द काढला नाही, ती म्हणाली, "मॅडम, उजवी कडा."

"काय उजवी कडा?"

"उंच आहे. तुम्ही 'स' म्हणता तेव्हा कळतं. सोमवारी मी रुग्णालयात जाते, आज करून देते." मग घाईघाईने, "सरांना विचारलंय. एका पेशंटची आहे म्हटलं. नाव नाही सांगितलं."

मी तिला जे बोलायचं ते बोलून घेतलं. पाटी वाचता येत नाही का? परवानगीशिवाय लोकांच्या दातांना हात लावतेस? माझ्या हातात असतं तर पहिल्याच दिवशी वर्गाबाहेर काढली असती.

"हो," ती म्हणाली.

"पुन्हा असं करायचं नाही."

"नाही."

मग मी दार लावून घेतलं, रुमाल उलगडला, आणि जन्मात पहिल्यांदा डॉक्टर नसलेल्या माणसासमोर कवळी काढून हातावर ठेवली. घुमीने ती दोन्ही हातांनी घेतली, उजेडाकडे तोंड करून स्टुलावर बसली आणि छोट्या कानशीने घासायला लागली. आणि बोलायला लागली. तिच्या आजीला म्हणे कवळी टोचायची. आजी कोणालाच सांगायची नाही. हळूहळू चावायचं सोडलं, मग जेवायचं सोडलं, मग लोकांत यायचं सोडलं, दार लावून बसायची. "सगळ्यांना वाटायचं तापट आहे," घुमी म्हणाली. "दुखत होतं फक्त." मग आजीच्या गोष्टी, मग रुग्णालयातल्या खोलीला खिडकी असेल का, मग माझ्या खुर्चीवरची उशी तिथे न्यायची की इथेच ठेवायची. खंडच नाही.

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. पण दात तिच्या हातात होते. मी ऐकत बसले. दुसरा उपाय नव्हता.